हरण्याचं कमिशन

आजोबा हरावेत म्हणून त्या रविवारी सगळं घर सकाळपासून मनातल्या मनात धावा करत होतं. उघड कोणी बोलत नव्हतं, एवढंच. ज्या माणसाने बावन्न वर्षांत एकाही कुलपासमोर मान तुकवली नव्हती, त्याच्या तोंडून 'हरलो' ऐकायला त्याचा पोटचा मुलगा, सख्खी सून आणि लाडकी नात टपून बसले होते. आणि या सगळ्याच्या मुळाशी होती टिल्लूची लिंक.

टिल्लूचा नियम साधा होता. बाजारात आलेलं नवं कुलूप आणायचं, घराला लागूनच असलेल्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानामागच्या खोलीत आजोबांसमोर ठेवायचं आणि मोबाइल सुरू करायचा. किल्लीशिवाय साठ सेकंदांत उघडलं तर लोक हसत, टाळ्या वाजवत, पण व्हिडिओखाली लिंक लागत नसे. नाही उघडलं आणि आजोबांनी स्वतःच्या तोंडाने 'हरलो' म्हटलं, तरच लिंक. त्या लिंकवरून कोणी कुलूप घेतलं की टिल्लूला कमिशन. 'आजोबा हरले, तरच घ्या' हे तिच्या चॅनलचं ब्रीद. कल्पना झकास होती. फक्त आजोबा हरत नव्हते. सात महिने टिल्लूला पन्नास हजार लोक बघत होते आणि हातात दमडी पडत नव्हती.

मग गेल्या दोन महिन्यांत आजोबा लागोपाठ चार वेळा हरले. पहिल्यांदा घर हळहळलं. दुसऱ्यांदा हळहळ जरा कमी झाली. चौथ्यांदा सुनेने चक्क टाळी वाजवली आणि मग जीभ चावली.

आज पाचवं कुलूप होतं, पितळी, तळहाताएवढं, बनवणाऱ्या कंपनीने स्वतः पाठवलेलं. आजोबा याच्यासमोर हरले तर कमिशन दुप्पट, असा कंपनीचा निरोप होता. आणि आज व्हिडिओ नव्हे, थेट प्रक्षेपण. दुपारी चारला.

साडेतीनला स्वयंपाकघरात आत्या टिल्लूच्या आईचा मोबाइल नाकाला लावून बसली होती. आत्या म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. मुलांची आत्या, नातीचीही आत्याच, आणि बाजारातल्या निम्म्या लोकांचीही. दुकानाच्या पाटीवर 'आणि मुलगे' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. मुलगे दोन, त्यातला थोरला म्हणजे टिल्लूचा बाप जहाजावर, धाकटा विमा विकतो. दुकानाच्या मागच्या बाजूला चाळीस वर्षं किल्ल्या घासत बसली ती ही बहीण, आणि तिचं नाव पाटीवर कुठेच नाही. याबद्दल ती एक अक्षर बोलत नसे. पण पाटी पुसायची वेळ आली की तिचा हात नेमका दुखायचा.

"हे परत लाव गं," आत्या म्हणाली. "ते निळं कुलूप होतं ना, ते."

"किती वेळा बघाल, आत्या? चहा उतू जाईल माझा."

"जाऊ दे. हे बघ. इथे. त्याने तारेचा आकडा उलटा धरलाय."

"कोणी?"

"तुझ्या सासऱ्याने, आणखी कोणी. कुलपाच्या पोटात आकडा घालायचा तर टोक वर. शिकाऊ पोरालाही कळतं. हा खाली टोक करून नुसतं ढवळतोय. आणि कपाळ पुसतोय! त्याला कधी घाम आलेला पाहिलायस तू?"

टिल्लूच्या आईने गॅस बंद केला. तिने पाहिलं. मग पहिल्या हारीचा व्हिडिओ काढून पाहिला, दुसऱ्या हारीचा पाहिला. चारही वेळा टोक खाली.

"म्हणजे बाबा मुद्दाम हरतात?"

"नाटक करतो. आणि त्याच्या नाटकापायी चार भिकार कुलपं लोकांच्या दारांवर गेली. त्या दारांमागे माणसं झोपतात गं."

आईला ते पटलं. पण ती हिशेबी बाई होती. घरातली सगळी भांडणं तिने आजवर 'पाहुणे गेल्यावर बोलू' या एका वाक्यावर निभावली होती.

"आत्या, आज हजारो लोक बघणार आहेत. आज होऊन जाऊ दे. संध्याकाळी मी स्वतः बाबांना विचारते."

"संध्याकाळपर्यंत आणखी हजार दारं," आत्या म्हणाली आणि उठून चष्मा शोधू लागली. चष्मा डोक्यावर होता.

हे सगळं दाराआडून काकाने ऐकलं. काका कुठलीही गोष्ट दाराआडूनच ऐकत असे, विम्याच्या धंद्यात ती सवय उपयोगी पडते. त्याला आश्चर्य वाटलं नाही. बाप हरल्यावर शीळ घालत घरात येतो, हे त्याने दुसऱ्याच वेळी हेरलं होतं आणि तोंडाला कुलूप लावलं होतं. त्याला वाटायचं, यात कोणाचं काय जातंय? म्हातारा खूश, पोरगी खूश, आणि लोकांना कुलूप मिळतंय. आता मात्र आत्या खोलीकडे निघाली म्हटल्यावर त्याने टिल्लूच्या आईला गाठलं.

"वहिनी, आत्याला थोपवा. नाहीतर टिल्लू बुडाली."

"बुडाली म्हणजे? एका दिवसाचं कमिशन बुडेल फार तर."

काका गडबडला. "म्हणजे... शुक्रवारी... तिने मला सांगू नको म्हटलंय."

"काय सांगू नको म्हटलंय?"

"राजीनामा दिला तिने. ऑफिसात. सोमवारपासून नोकरी नाही. आजच्या लिंकवर सगळा भरवसा आहे."

टिल्लूची नोकरी म्हणजे कानाला हेडफोन लावून दिवसभर बिघडलेल्या गिझरच्या तक्रारी ऐकायच्या. आईला ती नोकरी आवडायची, कारण तिचा पगार महिन्याच्या एक तारखेला कधी चुकत नसे. आणि आता पोरीने ती सोडली होती, कशाच्या जोरावर, तर सासऱ्यांच्या नाटकाच्या!

"आणि हे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "ते नाटकही ठाऊक होतं. आणि तुम्ही तिला राजीनामा देऊ दिलात?"

"मी काय म्हणतो वहिनी, शांतपणे..."

"आत्या!" आईने हाक मारली. "थांबा, मी पण येते."

अशा तऱ्हेने पाच मिनिटांपूर्वी आत्याला थोपवणारी बाई आत्याच्या बाजूला गेली आणि काका एकटा पडला.

खोलीत तोवर चार वाजून गेले होते. टेबलावरचा दिवा लागला होता, मोबाइल तिकाटण्यावर होता, आणि साडेनऊ हजार लोक बघत होते. टिल्लूचा आनंद तिच्या पोटात मावत नव्हता. बोलताना तिचा आवाज सारखा वर जात होता आणि ती तो ओढून खाली आणत होती.

"नमस्कार मंडळी! आजचं कुलूप बघा. कंपनी म्हणते, हे कोणाच्या बापाला उघडणार नाही. आपण बापाच्या बापाला विचारू. आजोबा, तयार?"

"हं," आजोबा म्हणाले.

आजोबांच्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं ते आता सांगायला हरकत नाही. दोन महिन्यांपूर्वी टिल्लू डबा विसरली म्हणून ते तिच्या ऑफिसात गेले होते. काचेपलीकडे नात बसली होती. तिचा आवाज येत होता. "माफ करा. हो, चूक आमचीच. माफ करा." डबा हातात धरून ते उभे राहिले आणि तिने तेवढ्या वेळात अकरा वेळा माफी मागितलेली त्यांनी मोजली. जी चूक तिने केलीच नव्हती, तिच्याबद्दल. त्यांनी स्वतः आयुष्यात एकदाही कोणाची माफी मागितली नव्हती, आजीचीसुद्धा नाही. घरी येताना त्यांनी ठरवलं की हरायचं. एक शब्द तर बोलायचा, काय मोठंसं! पण पहिल्यांदा हरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरचा चहावाला म्हणाला, "उस्ताद, हात थकले का हो?" आणि तो चहा त्यांनी तसाच अर्धा ठेवला. तरी ते आणखी तीनदा हरले. नात हसायची ना, मग झालं तर.

"वेळ सुरू!"

आजोबांनी आकडा उलटा घातला. खांदे हलवले. दहाव्या सेकंदाला भुवई उंचावली, विसाव्याला 'अरेच्चा' म्हटलं. तिसाव्याला खिशातून रुमाल काढून कोरडं कपाळ पुसलं. सवय होत चालली तसं नाटक जरा जास्तच रंगू लागलं होतं.

दारात काका आत्याला म्हणत होता, "आत्या, चहा घे ना आधी, गार होतोय."

"तूच पी," आत्या म्हणाली. आईने काकाची बाही धरून ठेवली आणि आत्या सरळ आत जाऊन आजोबांच्या शेजारी कॅमेऱ्यासमोर बसली.

"अठ्ठेचाळीस... एकोणपन्नास... आत्या?" टिल्लू म्हणाली.

"दे रे इकडे," आत्याने भावाच्या हातून कुलूप काढून घेतलं. "मला पण वेळ लाव, टिल्लू. पहिल्यापासून."

टिल्लूला काय करावं कळेना. साडेनऊ हजार लोकांसमोर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला 'नको' म्हणायचं कसं? तिने वेळ लावली. आत्याने आकडा घातला, टोक वर, मान जराशी तिरकी केली आणि कुलूप उघडलं.

"नऊ," टिल्लू पुटपुटली.

पडद्यावर लोकांचे शब्द पूर आल्यासारखे वाहू लागले. ही कोण? ही बाई कोण आहे? आजोबांना जमलं नाही आणि हिने नऊ सेकंदांत? टिल्लू ते भराभर वर सरकवत होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. एवढंच दिसत होतं की आजची लिंक गेली.

आत्याने उघडं कुलूप टेबलावर ठेवलं आणि भावाच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"वय झालं रे तुझं, दादा. होतं असं. वाईट वाटून घेऊ नकोस. उद्यापासून तू मागे बस आणि किल्ल्या घास. पुढे मी बसते."

आजोबांचे कान लाल झाले. गप्प बसायचं त्यांनी अगदी मनापासून ठरवलं होतं.

"नऊ सेकंद म्हणजे काही कमी नाही हो," आत्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "आमच्या घरात एवढा वेगवान हात कोणाचाच नाही."

"नऊ?" आजोबा म्हणाले. "नऊ सेकंदांना तू वेगवान म्हणतेस? नऊ सेकंदांत माझं जेवण होतं! आण ते इकडे!"

त्यांनी कुलूप खटकन लावलं, आकडा सुलटा केला आणि टिल्लूने वेळ लावायच्या आतच ते उघडून टेबलावर आपटलं.

"पाच! लिहून घे, पाच!"

"त्याचं सोड," आत्या शांतपणे म्हणाली. "ते निळं तर तुला जमलंच नव्हतं. मीच बघितलं की."

"निळं? निळं मी झोपेत उघडेन! टिल्लू, फळीवरून काढ ते निळं!"

टिल्लूने काढलं. ते उघडलं. मग चौकोनी काळं उघडलं, मग गोल पोलादी, मग लांब गळ्याचं. चार हारी, चार कुलपं, मिळून मिनिटही लागलं नाही. शेवटचं उघडून आजोबांनी विजयाने मान वर केली, समोर मोबाइलचा डोळा पाहिला, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

मग आधी काका हसला. मग आई पदर तोंडाशी धरून हसायला लागली, आत्या तर टेबलावर डोकं टेकवून खदखदत होती. आणि टिल्लू, जिचं सगळं त्या मिनिटात वाहून गेलं होतं, तीही पोट धरून हसली. आजोबांचा तो पकडले गेलेला चेहरा बघून हसू न येणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हसता हसता तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती साडेतीन हजार दारांची. तिच्या लिंकवरून गेलेली तेवढी कुलपं तेवढ्या दारांवर लागली होती, आणि तिचे आजोबा ती झोपेत उघडत होते.

तिने डोळे पुसले आणि मोबाइल जवळ ओढला.

"ऐका. ही चारही कुलपं घेऊ नका. मी सांगितलं होतं घ्या म्हणून, ते चुकलं. मला माहीत नव्हतं, पण बघायला हवं होतं. ज्यांनी महिन्याच्या आत घेतलीत त्यांनी परत करा, पैसे मिळतात. ज्यांची मुदत गेली असेल, त्यांनी निदान दाराला आतून कडी लावा आणि पहिल्या संधीला कुलूप बदला. तुम्ही परत केलंत की माझं कमिशनही परत जातं. जाऊ दे."

आणि सगळ्यांच्या देखत तिने चार लिंका एकेक करून काढल्या. चौथ्या वेळी तिचं बोट जरा थबकलं. पण तिने काढली.

"आणि राजीनामा?" दारातून आईने विचारलं. "त्याचं काय?"

"आई! लाइव्ह चालू आहे!"

पडद्यावर तेवढ्यात जहाजावरच्या बापाचा प्रश्न उमटला: कसला राजीनामा?

"उद्या जाते साहेबाकडे," टिल्लू म्हणाली. आता तिचा आवाज खाली आपोआप आला. "सांगते, फाडून टाका म्हणून. घेतील परत. गिझर काय, बिघडतातच."

आजोबा हातातला आकडा फिरवत बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मी तुला त्या काचेमागे बघितलं होतं," ते म्हणाले. "ते 'माफ करा, माफ करा'. मला नाही सहन झालं. म्हणून हरलो."

चहावाल्याचं बोलणं टिल्लूच्याही कानावर आलं होतं, आणि आजोबा तेव्हापासून पलीकडच्या गल्लीतून चहा आणतात हेही तिला ठाऊक होतं. फक्त हे सगळं त्यांनी कोणासाठी सोसलं, ते आज कळलं. ती उठून त्यांच्या गळ्यात पडली आणि दिवा कलंडता कलंडता आत्याने धरला.

"लोक विचारतायत," काका मोबाइलवर वाकून म्हणाला. त्याने गुपचूप बाजू बदलली होती. "आता आम्ही कुठलं कुलूप घ्यायचं?"

आजोबांनी कोपऱ्यातल्या खोक्याकडे पाहिलं. निरनिराळ्या कंपन्यांनी पाठवलेली अकरा कुलपं त्यात पडून होती. "आण ते," ते म्हणाले. "सगळी."

पुढची वीस मिनिटं त्या घरात जत्रा भरली. एक कुलूप भाऊ घेई, एक बहीण. आई वेळ ओरडे, काका गुण लिही आणि बहिणीला हळूच एकेक गुण जास्त देई. सहा, अकरा, चार, बावीस. उघडलेली कुलपं टेबलावरून खाली पडत होती. लोक वीस हजार झाले. दहा कुलपं झाली, आणि एकही लिंकच्या लायकीचं निघालं नाही.

अकरावं राखाडी होतं, ओबडधोबड, डबासुद्धा धड नव्हता. आजोबांनी आकडा घातला. वीस सेकंद झाले. चाळीस. साठ.

"बास, बाबा," काका म्हणाला. "पुन्हा नाटक नको."

"नाटक नाही रे."

पडद्यावर लोक हसत होते. आजोबा पुन्हा सुरू झाले! रुमाल काढा, रुमाल!

"अरे नाटक नाही म्हणतोय ना! याच्या पोटात काहीतरी भलतंच आहे. थांबा जरा."

"आण, मला दे," आत्या म्हणाली. तिने टोक वर केलं, मान तिरकी केली. मग मान दुसरीकडे तिरकी केली. मग चष्मा काढला. दीड मिनिट झालं आणि तिच्या तोंडून एक असा शब्द निघाला की आईने कॅमेऱ्यापुढे हात धरला. आत्या कोणाला खूश करायला हरणाऱ्यातली नव्हती, हे घरातल्या भिंतींनाही माहीत होतं. आता नाटकाची शंका कोणालाच उरली नाही.

आजोबांनी कुलूप हिसकावून घेतलं. पहिला आकडा वाकला. दुसरा वाकला. आता कपाळावर खराखुरा घाम होता आणि तो पुसायचं त्यांना भानही नव्हतं.

"आजोबा," टिल्लू हळूच म्हणाली. "पाच मिनिटं झाली."

"गप्प बस."

"नियम आहे. तुम्ही म्हटल्याशिवाय मला लिंक लावता येत नाही."

"मग नको लावूस!"

चार वेळा जो शब्द त्यांनी सहज टाकला होता, तो आता घशाबाहेर येईना. ते कुलपाकडे बघत राहिले. मग बहिणीकडे बघितलं. ती आता त्यांना चिडवत नव्हती. मग नातीकडे बघितलं. वीस हजार माणसं थांबली होती.

"हरलो," आजोबा म्हणाले, इतक्या हळू की टिल्लूला मोबाइल जवळ न्यावा लागला. "आत्तापुरता!"

खोलीत जो काही आरडाओरडा झाला तो ऐकून आजूबाजूचे दुकानदार धावत आले. काकाने आत्याला उचलायचा प्रयत्न केला आणि पाठ धरून खाली बसला. टिल्लूने लिंक लावली. कुलूप स्वस्तातलं होतं आणि त्याचं कमिशन म्हणजे कुलपामागे जेमतेम एका चहाचे पैसे. त्यावर नोकरी सोडता येत नाही, हे तिला कळत होतं.

"चला, झालं," ती म्हणाली. "उद्या सकाळी लवकर निघायचंय मला. साहेब दहाला येतात."

"उद्या कुठे निघालीस?" आजोबांनी मान वर न करता विचारलं. ते तिसरा आकडा कानशीवर घासून बारीक करत होते.

"ऑफिसात. सांगितलं ना."

"उद्या मी हे उघडणार आहे. उद्या नाही जमलं तर परवा, नाहीतर तेरवा. आत्याही बसणार आहे, तिच्याशी पैज लागलीय. आणि तू ऑफिसात जाऊन बसलीस, तर वेळ कोण लावणार?"

टिल्लूने आईकडे पाहिलं. हिशेबी आईने पडद्यावरच्या वीस हजारांवर एक नजर टाकली. मग तिने टेबलावरची कुलपं बाजूला केली आणि टिल्लूसाठी खुर्ची पुढे सरकवली.

"मी," टिल्लू म्हणाली आणि बसली.